सापळ्यातली माशी नेमकी कोणती?

मागच्या अंकातल्या फळमाशीच्या टिपणावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. माशी दिसते पण ओळखू येत नाही, अशी बहुतेकांची तक्रार आहे. काहींनी मोबाइलवर फोटो पाठवले, काहींनी काडेपेटीत वाळलेल्या माश्या. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देत आहोत. उत्तरं वाचताना दहापट मोठं दाखवणारं भिंग हाताशी असू द्या. शे-दोनशे रुपयांच्या त्या भिंगाशिवाय पुढचं निम्मं वर्णन कागदावरच राहील.

प्रश्न: पेरूच्या बागेत मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाचे सापळे लावले आहेत. आत पडलेल्या माश्या एकसारख्या नाहीत. काही काळ्या पाठीच्या, काही तांबूस, काही लहान. ही एकाच माशीची पिल्लं आणि मोठी आहेत की जातीच वेगळ्या? (पेरू बागायतदार, आटपाडी)

उत्तर: माशीला पंख फुटले की तिची वाढ संपते, त्यामुळे ‘पिल्लू माशी’ हा प्रकारच नाही. लहान माशी एक तर दुसऱ्या जातीची असते, नाही तर गर्दीच्या फळात अळी अर्धपोटी राहून कोषात गेलेली असते. म्हणून आकारावर कधीच भरवसा ठेवू नका. पाठीच्या रंगावरही लगेच नको, त्याचं कारण पुढे येईल.

मिथाइल युजेनॉलला आपल्याकडे मुख्यतः तीन जातींचे नर येतात: बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा. तिन्ही पेरूवर आणि आंब्यावर येतात. तिघींच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक पिवळी उभी पट्टी असते आणि पाठ संपते तिथं पिवळा अर्धगोल असतो. त्यामुळे ‘पिवळ्या पट्ट्यांची माशी’ एवढ्या वर्णनानं काहीच ठरत नाही. बघायचं ते पंखाकडे.

पांढऱ्या कागदावर माशी ठेवा, एक पंख चिमट्यानं बाजूला ओढून सपाट करा आणि पंखाची पुढची कडा मुळापासून टोकापर्यंत भिंगानं बघत जा. कडेनं अरुंद तपकिरी पट्टी निघून न तुटता टोकाला वळसा घालत असेल तर ती डॉर्सालिस. पट्टी मध्येच संपून थोडी जागा काचेसारखी स्वच्छ आणि मग थेट टोकाशी एक सुटा तपकिरी ठिपका दिसला तर ती झोनाटा किंवा करेक्टा. पंख दुमडलेले असताना हे बघू नका. एकावर एक आलेल्या दोन पंखांच्या पट्ट्या मिसळतात आणि तुटलेली पट्टीही सलग वाटते.

झोनाटा आणि करेक्टा वेगळ्या करायला माशी उलटी करून चेहरा बघा. डोळ्यांच्या मधे, मिशांच्या खाली झोनाटाला दोन सुटे काळे ठिपके असतात. करेक्टाचे हे ठिपके बहुधा एकमेकांना जोडून आडवी काळी रेघ झालेली असते. मग पाठीचा रंग जुळवून घ्या: झोनाटाची पाठ तांबूस तपकिरी, करेक्टाची बरीचशी काळी. डॉर्सालिसच्या चेहऱ्यावरही दोन सुटे ठिपके असतात, म्हणून पंख न बघता नुसत्या चेहऱ्यावरून निकाल देता येत नाही. आधी पंख, मग चेहरा, शेवटी पाठ, हा क्रम मोडू नका. पोटावरची काळी इंग्रजी टी-सारखी खूण डॉर्सालिसवर ठळक असते, पण ती बाकीच्यांवरही कमीजास्त असते, त्यामुळे ती नुसती पुरवणी.

पाठीचा रंग शेवटी का? डॉर्सालिसची पाठ साधारण काळी असते, पण काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत सगळ्या छटा एकाच जातीत मिळतात. या गोंधळात नुसते बागायतदार नाहीत, तज्ज्ञही सापडले होते. आफ्रिकेत पसरलेल्या फळमाशीला 2005 साली ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’ असं स्वतंत्र नाव मिळालं. पुढे शरीररचना, जनुकं, संकर असे सगळे पुरावे एकत्र तपासून 2015 साली ती डॉर्सालिसच असल्याचा निष्कर्ष छापून आला. आग्नेय आशियातली ‘पपाये’ ही जातही तेव्हाच डॉर्सालिसमध्ये मिसळली. दक्षिण भारतात कॅरिई नावाची एक जवळची जात आहे. तिच्या मांड्यांवर काळे डाग असतात आणि पोटाच्या कडा जास्त काळ्या असतात. मांडीवर डाग दिसले तर नमुना जपून ठेवा आणि कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवा.

आता फसवणुकीच्या जागा. झोनाटाचा टोकाचा ठिपका पंखाच्या अगदी शेवटी असतो, आणि म्हाताऱ्या माशीचं नेमकं तेच टोक फाटलेलं असतं. म्हणून दोन्ही पंख बघा, एकाच माशीवर थांबू नका, दहा-पंधरा माश्या तपासा. कोषातून नुकती निघालेली माशी फिकी, पिवळट आणि मऊ असते. तिच्यावरून कुठलीच जात ठरवू नका. सापळ्यात मुंग्या शिरल्या तर धड खाऊन टाकतात, पण पंख उरतात. ते फेकू नका. चेहरा गेला तरी पंखांवरून डॉर्सालिस आहे की नाही एवढं नक्की सांगता येतं. धुळीनं पाठ राखाडी दिसत असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ कुंचल्यानं पुसा.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं. तिघींचेही नर याच सापळ्यात येतात, तिघींच्या अळ्या फळातून उतरून मातीतच कोषात जातात. त्यामुळे नियंत्रणासाठी त्या वेगळ्या ओळखण्याची बागायतदाराला फारशी गरज नाही. पडलेली आणि डंख झालेली फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरणं, झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडणं आणि सापळे वेळेवर बदलणं तिघींना सारखंच लागू पडतं. निर्यातीसाठी बाग नोंदवली असेल तर मात्र जातीचं नाव लागतं. भारतातून गेलेल्या मालात किडी, मुख्यतः फळमाश्या, सापडल्या म्हणून युरोपीय संघानं मे 2014 पासून आपला आंबा आणि कारली, पडवळ, वांगी अशा काही भाज्या घेणं थांबवलं होतं. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली.

प्रश्न: कारली आणि दोडक्याच्या मांडवात सापळे लावून महिना झाला. फळात अळ्या आहेत, सापळा मात्र जवळजवळ रिकामा. (भाजीपाला उत्पादक, कोरेगाव)

उत्तर: आधी सापळ्यातल्या गोळीचं पाकीट शोधा. त्यावर मिथाइल युजेनॉल लिहिलं असेल तर कारण सापडलं. वेलवर्गीय भाज्यांवरची मुख्य फळमाशी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी, त्या वासाला येत नाही. तिच्यासाठी क्यूल्यूर हे दुसरं आमिष लागतं. दुकानात दोन्ही गोळ्या सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत असतात आणि ‘फळमाशीचा सापळा द्या’ एवढंच सांगितलं की हातात येईल ती मिळते.

ही माशी ओळखायला मात्र सोपी. पाठ तांबूस आणि तिच्यावर दोन नव्हे, तीन पिवळ्या पट्ट्या: दोन कडेला, एक बरोबर मधोमध. पंखाच्या कडेची पट्टी रुंद असून टोकाशी पसरट डागासारखी फुगते. शिवाय पंखाच्या मागच्या अर्ध्यात जी आडवी शीर आहे तिच्यावरही तपकिरी सावली असते. ही शेवटची खूण महत्त्वाची, कारण टाऊ नावाच्या जवळच्या जातीलाही पाठीवर तीन पट्ट्या असतात. पण तिच्या आडव्या शिरेवर सावली नसते आणि पाठीवर काळ्या खुणा जास्त असतात. टाऊचेही नर क्यूल्यूरलाच येतात, त्यामुळे सापळा बदलावा लागत नाही.

पाकिटावर क्यूल्यूरच असेल आणि तरी सापळा रिकामा असेल, तर संशय डॅकस सिलिएटसवर घ्या. ही लहानखुरी, नारिंगी तपकिरी माशी मिथाइल युजेनॉललाही येत नाही आणि क्यूल्यूरलाही नाही. सापळा रिकामा म्हणून शेत स्वच्छ समजणारे इथंच फसतात. तिच्या पाठीवर उभ्या पिवळ्या पट्ट्या नसतात, फक्त बाजूला पिवळे डाग असतात. पोटाची वरची कवचं एकमेकांत जुळून गेलेली असतात, बॅक्ट्रोसेरासारखी सुटी वळी दिसत नाहीत. पोटाच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक गडद गोल डाग असतो. ती सापळ्यात मिळणार नाही, फळातून वाढवावी लागेल.

वाढवायची पद्धत अशी. झाकणाच्या डब्यात तळाला तीन-चार सेंटिमीटर ओलसर, चाळलेली वाळू घाला. वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. वाळूवर जाळी आणि जाळीवर किडकी फळं ठेवा. फळं थेट वाळूवर ठेवली तर रस झिरपून चिखल होतो आणि अळ्या गुदमरतात. झाकणाला भोक पाडून मलमलीचं कापड लावा. एका डब्यात एकाच पिकाची फळं, वर चिठ्ठी. अळ्या वाळूत उतरून तपकिरी, तांदळाएवढे कोष करतात आणि हवामान उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत माश्या निघतात. त्या लगेच मारू नका. साखरपाण्यात भिजवलेला कापूस आत ठेवून तीन-चार दिवस जगवा, तेव्हा कुठे पट्ट्यांचे आणि पंखांचे रंग पक्के होतात.

फळातली अळी माशीची आहे का, हेही एकदा तपासा. माशीच्या अळीला पाय नसतात आणि वेगळं डोकंही नसतं. पुढचं टोक निमुळतं, त्यात दोन काळे आकडे, मागचं टोक बोथट. पूर्ण वाढलेली अळी कागदावर ठेवली तर शरीराची कमान करून टुणकन उडी मारते. तपकिरी डोकं आणि पुढे सहा पाय दिसले तर ती पतंगाची अळी आहे. तिच्यापुढे फळमाशीचा कुठलाच सापळा कामाचा नाही.

प्रश्न: महाविद्यालयात कीटकसंग्रह करायचा आहे. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या फळमाश्यांच्या पिवळ्या पट्ट्या महिन्याभरात नाहीशा झाल्या. टाचणीवर लावलेल्यांचे पाय तुटतात. (विद्यार्थिनी, कराड)

उत्तर: पिवळा रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही, ते सगळ्यांच्या बाबतीत होतं. ज्या माशीची ओळख पट्ट्यांवर अवलंबून आहे ती कोरडीच ठेवा. अल्कोहोल अळ्यांसाठी आणि जनुकीय तपासणीसाठी. अळ्यांना सत्तर टक्के पुरे, जनुकीय तपासणीच्या नमुन्यांना पंच्याण्णव टक्के आणि तेही फ्रीझरमध्ये. फॉर्मॅलिन यातल्या कशालाही नको.

जिवंत माशी लहान बाटलीत घालून फ्रीझरमध्ये किमान तासभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर त्याच दिवशी लावा. पाय तुटतात ते वाळून कडक झाल्यावर हात लावल्यामुळे. वाळलेलीच माशी लावायची वेळ आली तर बंद डब्यात ओला कापूस आणि वर जाळी ठेवून तिला एक रात्र दमट हवेत ठेवा, सांधे मऊ होतात. दोन रात्री ठेवल्यात तर बुरशी येईल.

पाठीच्या मधोमध टाचणी घालू नका. वेलवर्गीय भाज्यांवरच्या फळमाशीची मधली पट्टी हीच तिची मुख्य खूण, आणि टाचणी नेमकी तिच्यातून आरपार जाते. मोठ्या माशीला टाचणी मध्यरेषेच्या उजवीकडे. फळमाशी किंवा त्याहून लहान असेल तर जाड कागदाचा लांबट त्रिकोण कापा, रुंद बाजूला टाचणी, टोकाला गोंदाचा अगदी बारीक थेंब, आणि त्यावर माशीची उजवी कूस. डावी बाजू, चेहरा आणि पाठ मोकळी राहिली पाहिजे. गोंद जास्त झाला तर तो छातीवरच्या केसांत शिरतो. कित्येक जातींची ओळख त्या केसांच्या संख्येवरच असते, त्यामुळे नमुना वाया जातो.

एखाद्या माशीचा एक पंख मुळापासून काढून दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवा आणि काचांच्या फक्त कडा चिकटपट्टीनं बंद करा. पंखावर थेट चिकटपट्टी लावली तर बारीक केस निघून येतात. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक, सापळा असेल तर कोणत्या आमिषाचा, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेल्या माशीला अभ्यासात किंमत नाही, मग ती कितीही सुंदर लावलेली असो. फोटो पाठवायचे असतील तर चार पाठवा: पाठ, कूस, चेहरा आणि कागदावर पसरलेला पंख. वरून काढलेला एकच फोटो आला की आम्हालाही अंदाजच करावा लागतो.

प्रश्न: गोठ्यात माश्या खूप आहेत. काही घरातल्यासारख्याच दिसतात पण चावतात, म्हशी सारख्या पाय आपटतात. लम्पीच्या साथीत माश्यांपासून जपा असं सांगितलं होतं. कोणत्या माशीपासून? (दुग्धव्यावसायिक, पलूस)

उत्तर: लम्पीचा विषाणू पसरवण्यात चावणाऱ्या कीटकांचा वाटा असतो. घरमाशी चावूच शकत नाही, तिचं तोंड चाटायचं आणि शोषायचं आहे. तुमच्याकडे पाय आपटायला लावणारी बहुतेक स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स आहे. आकार, रंग घरमाशीसारखाच. पाठीवरच्या चार काळ्या उभ्या रेघा बघून ‘घरमाशीच’ म्हणणारे पुष्कळ, पण त्या रेघा दोघींनाही असतात.

फरक तोंडात आहे. कुशीवरून बघा: स्टोमॉक्सिसच्या डोक्यापुढे काळी, कडक सुई सरळ बाहेर आलेली दिसते, माशी बसलेली असतानाही. घरमाशीची सोंड मऊ, खाली लोंबणारी आणि टोकाला गादीसारखी पसरट असते. एरवी ती डोक्याखाली आत घेतलेली असते. दुसरी खूण पंखात. घरमाशीच्या पंखाच्या मधल्या भागातली एक लांब शीर टोकाजवळ कोनात एकदम वर वळते, स्टोमॉक्सिसची तीच शीर हळुवार वळते. पोटावर स्टोमॉक्सिसला गोल काळे ठिपके असतात, घरमाशीच्या पोटाच्या कडा पिवळट असतात. भिंगाशिवायही एक अंदाज बांधता येतो: भिंतीवर बसलेली स्टोमॉक्सिस सहसा डोकं वर करून असते आणि ती जनावराच्या खालच्या पायांना चावते.

पाठीवर, खांद्यावर आणि पोटाखाली थव्यानं बसून राहणारी, घरमाशीच्या निम्म्या आकाराची माशी वेगळी. ती हिमॅटोबिया. हिलाही सुई असते, पण सुईला लागून असलेले दोन स्पर्शक सुईएवढेच लांब असतात. स्टोमॉक्सिसमध्ये ते अगदी आखूड, शोधावे लागतात. डोळ्यांच्या पाण्यावर आणि जखमेवर चिकटून बसणारी, पाठीवर दोनच रुंद रेघा असलेली मस्का सॉर्बेन्स असते. ती घरमाशीची जवळची बहीण, चावत नाही, पण डोळ्यांचे आजार एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. मोठ्या डोळ्यांची, चावा घेतल्यावर रक्ताचा थेंब ओघळत ठेवणारी ती डांस (डास नव्हे). सर्रा या जनावरांच्या रक्तातल्या परजीवीच्या रोगाच्या दृष्टीनं तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. चपटी, चामट, केसांतून खेकड्यासारखी तिरकी पळणारी आणि बोटांनी दाबूनही न मरणारी हिप्पोबोस्का, तिला कशाशीच गोंधळता येणार नाही.

इथं नावाला खरोखर किंमत आहे, कारण या माश्यांचं अंडी घालण्याचं ठिकाण एक नाही. हिमॅटोबिया ताज्या, न हलवलेल्या शेणाच्या पोवात अंडी घालते, म्हणजे जनावरं चरतात त्या जागी. रोज शेण उचलणाऱ्या बंदिस्त गोठ्यात तिची वाढ होत नाही. घरमाशी ओल्या शेणात आणि सडक्या कचऱ्यात वाढते. स्टोमॉक्सिसला हवी शेण-मूत्रात भिजून सडणारी वैरण: गव्हाणीखालचा चोथा, उकिरड्याची ओली कड, पावसात भिजलेली कडब्याची गंज. शेण रोज उचलूनही पाय आपटणं थांबत नाही ते यामुळे. उन्हाळ्यात घरमाशीची पिढी अंड्यापासून सात ते दहा दिवसांत पुरी होते, स्टोमॉक्सिसला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून ही घाण आठवड्यातून दोनदा काढून पातळ पसरून वाळवली तर अळी कोषात जाण्याआधीच मरते. महिन्यातून एकदा मोठी सफाई करण्याचा उपयोग होत नाही. आपल्या ऊसपट्ट्यानं ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट: इथेनॉल प्रकल्पातून निघणारं सांडपाणी उसाच्या पाचटावर सोडलं जातं तिथं स्टोमॉक्सिसचे मोठे उद्रेक झाल्याच्या नोंदी ब्राझीलमध्ये आहेत.

प्रश्न: शेळीच्या जखमेत आसडी पडली. जवळपास हिरव्या-निळ्या माश्या होत्या. सगळ्याच घातक का? (शेळीपालक, माण)

उत्तर: नाही. चमकदार माश्यांपैकी बऱ्याच जणी मेलेल्या, सडक्या मांसावर वाढतात. जिवंत मांस खात आत शिरते ती क्रायसोमिया बेझियाना. तिची आणि क्रायसोमिया मेगासेफाला या नेहमीच्या माशीची गल्लत होते. पंख जरा उचलून मुळाशी बघा: दोन पातळ पाकळ्या एकावर एक असतात. खालची पाकळी मेणासारखी पांढरट असेल तर बेझियाना, काळपट तपकिरी असेल तर मेगासेफाला. पण माशी हातात येण्याची वाट बघू नका. जखमेच्या खोल भागातून पाच-दहा अळ्या चिमट्यानं काढा, उकळी येण्याआधीच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घाला. गरम पाण्याशिवाय थेट टाकल्या तर काळ्या पडून आकसतात. त्या पशुवैद्यकांकडे द्या. बेझियानाच्या अळ्या डोकं आत खुपसून, शेपटीकडचं टोक वर ठेवून दाटीनं बसतात आणि साधारण आठवड्याभरात पूर्ण वाढून जमिनीवर पडतात, त्यामुळे उपचार त्याच दिवशी हवेत.

प्रश्न: हळदीत लांब पायांच्या काळ्या माश्या फिरतात. ती कंदमाशी की नुसता मोठा डास? (हळद उत्पादक, मिरज)

उत्तर: कंदमाशी, म्हणजे मिमेग्राला, सडपातळ, काळसर, काडीसारख्या लांब पायांची आणि पानांवर चालत फिरणारी असते. पंखांवर राखाडी पट्टे असतात. पुढचे दोन पाय बाकीच्या चारांपेक्षा आखूड आणि पुढे धरलेले, त्यामुळे लांबून मुंगळा वाटतो. डासासारखा दिसणारा दुसरा लांबटांग्या कीटक दमट सावलीत लोंबकळताना दिसतो. त्याच्या पाठीवर इंग्रजी व्ही-सारखी स्पष्ट खाच असते, मिशा लांब असतात आणि धरला की पाय हातात राहतो. त्याचा हळदीला त्रास नाही.

माशी ओळखली तरी फवारणीची घाई नको. सडक्या गड्ड्यात इतरही माश्यांच्या अळ्या येतात आणि कंदमाशीलाही कुजक्या गड्ड्याची ओढ असते. पिवळा पडलेला फुटवा उपटून बघा. बुंधा पाणीदार, मऊ आणि घाण वासाचा असेल तर मूळ दुखणं कंदकूज आहे: निचरा आणि बेणे यांकडे आधी बघा. अळ्या वरच्यासारख्याच वाळूच्या डब्यात वाढवून कोणती माशी निघते ते पाहा. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी केलेली भरणी माशीसाठी सगळ्यात उपयोगी, कारण ती उघड्या गड्ड्याजवळ अंडी घालते.

प्रश्न: तडकलेल्या डाळिंबात बारीक चिलटं आणि अळ्या दिसतात. फळमाशीचा सापळा लावू का? (जत)

उत्तर: नको. ही दोन-तीन मिलिमीटरची लाल डोळ्यांची चिलटं आंबलेल्या फळावर येतात, धड डाळिंबाची साल त्यांना भेदता येत नाही. डोक्यापासून पाठीवर चांदीसारख्या पांढऱ्या रेघा असतील तर ती झॅप्रिओनस, रेघा नसतील तर साधं ड्रोसोफिला. दोन्हींवर उपाय एकच, तडकलेली फळं बागेबाहेर. तडकण्याचं कारण पाण्याच्या अनियमित पाळीत शोधा.

प्रश्न: माव्यानं भरलेल्या पिकावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या हवेत एका जागी थांबून उडतात. गांधीलमाशी आहे का? मारावी का? (कडेगाव)

उत्तर: मारू नका. ही सिर्फिड माशी. गांधीलमाशीला आणि मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच, आणि मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या. मिशा आखूड, डोळे डोकं व्यापणारे, कमर बारीक नाही, डंख नाही. पंखाच्या मधोमध कुठल्याच शिरेला न जोडलेली एक खोटी शीर भिंगाखाली दिसली की शंका उरत नाही. हिची पाय नसलेली, हिरवट, पुढे निमुळती अळी माव्याच्या वसाहतीत फिरून मावा खाते, आणि पुष्कळ जण तिलाच कीड समजून फवारतात. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा उसळला तेव्हा त्याला खाणाऱ्या मित्रकिडींत युपिओडिस ही सिर्फिड माशीही होती.

प्रश्न: उसावरच्या पांढऱ्या माशीसाठी कोणतं आमिष वापरावं? (वाळवा)

उत्तर: कुठलंही नाही. पांढरी माशी या दोन पंखांच्या माश्यांच्या गटातली नाही, ती माव्याची नातेवाईक. चार पंख, सोंड खुपसून रस शोषणारी. ती ओळखायला उडणारी माशी धरू नका, पानाची खालची बाजू बघा: ओळीनं चिकटलेले, पांढऱ्या मेणाची किनार असलेले काळे कोष दिसतील. लालसर पडलेली आणि कोषांनी भरलेली खालची पानं काढून जाळा. पाणी साचणाऱ्या आणि नत्र कमी पडलेल्या खोडव्यात ती आधी वाढते, तेव्हा फडात तीच जागा पहिल्यांदा तपासा.